चोराला खाते कुणी उघडून दिले?

उज्जैनला निघालेल्या माणसाची फसवणूक पुष्कळदा उज्जैनला पोहोचण्याआधीच होते. महाकाल मंदिराजवळ खोली हवी असते, भस्मारतीची नोंदणी हवी असते, सोबत म्हातारे आईवडील असतात. मोबाइलवर शोधताना एखाद्या यात्री निवासाचे अगदी खरे वाटणारे संकेतस्थळ समोर येते. पलीकडून गोड बोलणारा माणूस आगाऊ रक्कम मागतो, पैसे जातात आणि नंतर तो नंबर लागतच नाही. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरूंना याच प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला होता. चारधामची हेलिकॉप्टर सेवा, तीर्थक्षेत्रांतल्या खोल्या, यात्रेच्या गाड्या या सगळ्यांची बनावट नोंदणी चालू आहे, सावध राहा, असा तो इशारा होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'महाकाल लोक' हा मंदिराभोवतीचा परिसर खुला झाल्यापासून उज्जैनची गर्दी फार वाढली आहे आणि २०२८ मध्ये सिंहस्थ आहे. नाशिक, जळगाव, नागपूरहून जाणाऱ्या मराठी माणसांची संख्या त्या वर्षी किती असेल, याचा अंदाज कुणीही करू शकेल.

पैसे गेल्यावर माणूस बँकेत जातो. तिथे त्याला पहिला प्रश्न विचारतात : पिन तुम्हीच टाकला ना? ओटीपी तुम्हीच सांगितला ना? तो मान खाली घालून होय म्हणतो, आणि प्रकरण तिथेच मिटते. व्यवहार ग्राहकाने स्वतः केला, निष्काळजीपणा ग्राहकाचा, बँक जबाबदार नाही. चार ओळींचे उत्तर ई-मेलने येते. पैशाच्या दुःखावर अपमानाचे दुःख चढते. निवृत्तिवेतनावर जगणारी कितीतरी माणसे ही गोष्ट मुलांनाही सांगत नाहीत.

माझे म्हणणे असे की बँकेचा हा प्रश्न अर्धाच आहे. पैसा हवेत विरत नाही. तो कुठल्या तरी बँकेतल्या कुठल्या तरी खात्यात जमा होतो. त्या खात्याला नाव असते, आधार असतो, पॅन असतो, छायाचित्र असते, मोबाइल नंबर असतो. खाते उघडताना एका बँकेने साऱ्या बँकव्यवस्थेला सांगितलेले असते की हा माणूस आम्ही पाहिला आहे, तपासला आहे, याच्या नावाने पैसे पाठवायला हरकत नाही. मग त्या बँकेला कुणीच काही का विचारत नाही? ग्राहक संरक्षण कायद्याने हा उरलेला अर्धा प्रश्न विचारला पाहिजे आणि उत्तर समाधानकारक नसेल तर नुकसानीचा वाटा त्या बँकेकडून वसूल केला पाहिजे.

ही मागणी काही नवी टूम नाही. उज्जैनच्या बाजारात ती जुन्या काळापासून माहीत होती.

उज्जैन हे देवाचे शहर आहे तसे ते पेढ्यांचेही शहर होते. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरला बस्तान हलवेपर्यंत शिंद्यांची राजधानी इथे होती. माळव्याच्या अफूचा व्यापार इथून चाले आणि त्या व्यापारातला पैसा हुंड्यांवर फिरे. दौलतरावांच्या पश्चात राज्यकारभार पाहणाऱ्या बायजाबाई शिंदे स्वतः मोठ्या सावकारीण होत्या. छत्री चौकातले गोपाळ मंदिर त्यांनी बांधवले, आणि ते उभे आहे ते भर बाजारात. पटनी बाजार आणि सराफा तिथून हाकेच्या अंतरावर. जुन्या काळच्या सावकारीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तिने कुळे बुडवली, जमिनी गिळल्या, आणि राज्यकर्ताच सावकार असेल तर दाद कुठे मागायची हा प्रश्न तेव्हाच्या रयतेलाही पडलाच असेल. पण सावकार आपसात जे व्यवहार करीत, त्यांत जोखीम कुणाची याचे नियम फार नीट घडवलेले होते.

शहाजोग हुंडी हे त्याचे उत्तम उदाहरण. ही हुंडी हातोहात फिरे, तिच्यावर पाठीमागे सही करावी लागत नसे. मात्र शेवटी पैसे द्यायचे ते फक्त 'शहा'ला, म्हणजे बाजारात ज्याची पत आहे अशा ओळखीच्या पेढीवाल्याला. कुणीही उपटसुंभ येऊन हुंडी पुढे करील तर ती सकारायची नाही. हुंडीचे पैसे देणाऱ्या पेढीने समोरचा माणूस शहा आहे ना, एवढे पाहायचे. आणि पुढे हुंडी खोटी किंवा चोरीची निघाली तर? ज्या शहाने पैसे उचलले, त्याने ते व्याजासकट परत करायचे. आपल्याला ही हुंडी कुणी आणून दिली, त्याला मग त्याने गाठावे. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत, म्हणजे पेठ, आणि तीही हरवली तर तिसरी प्रत, म्हणजे परपेठ, अशी सोय होती. पैसे चुकते झालेल्या हुंडीला खोका म्हणत आणि तो पुरावा म्हणून जपून ठेवत.

यातले तत्त्व नीट पाहावे. ज्याच्या हुंडीची चोरी झाली, तो बेसावध होता की नाही, यावर बाजार थांबत नव्हता. चोराच्या हातचा कागद ज्याने आपली पत लावून बाजारात आणला, त्याच्याकडे बोट जाई. कारण चोराला पाहण्याची, विचारपूस करण्याची, नाही म्हणण्याची संधी फक्त त्यालाच मिळालेली असे.

इंग्रजांनी १८८१ मध्ये चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या हुंड्यांबाबतच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही. पहिल्याच कलमात तसे लिहिले आहे. उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होते, तिथे बाजाराची रूढीच चालत राहिली. पण या कायद्याच्या १३१ व्या कलमात हेच तत्त्व वेगळ्या वाटेने येऊन बसले आहे. चोराने दुसऱ्याचा रेखांकित धनादेश आपल्या खात्यात भरला आणि त्याच्या बँकेने तो वसूल करून दिला, तर त्या बँकेला संरक्षण मिळते; पण केव्हा? तिने सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता काम केले असेल तरच. आणि तो निष्काळजीपणा तपासताना न्यायालये खाते उघडले त्या दिवसापर्यंत मागे जातात. ओळख कुणी दिली, पत्ता पाहिला का, धंदा काय सांगितला, नव्या खात्यात पहिलीच भली मोठी रक्कम आली तेव्हा कुणाला शंका का आली नाही, हे सारे पाहिले जाते. धनादेशाच्या बाबतीत आपला कायदा चोराच्या बँकेला जाब विचारतो. यूपीआयच्या बाबतीत तो गप्प बसतो. मध्ये बदलले ते फक्त साधन.

या गप्प बसण्याचे मूळ बँक आणि ग्राहक यांच्या नात्याकडे पाहण्याच्या जुन्या रीतीत आहे. १८४८ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने फोली विरुद्ध हिल या खटल्यात ठरवले की ठेवीदार हा धनको आणि बँक ही ऋणको. बँकेत ठेवलेले पैसे बँकेचे होतात. ग्राहकाकडे उरतो तो परत मागण्याचा हक्क. हे तत्त्व आपल्याकडेही रुजले. त्यात ग्राहकाचा एक मोठा फायदा आहे. ग्राहकाच्या हुकमाशिवाय पैसे गेले, तर गेले ते बँकेचे. ग्राहकाचे येणे जसेच्या तसे. १९८७ मध्ये कॅनरा बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. एका कंपनीच्या हिशेबनिसाने खोट्या सह्यांचे धनादेश पुन्हा पुन्हा वटवले होते. पासबुक पाहून तुम्ही वेळीच का बोलला नाहीत, हा बँकेचा बचाव न्यायालयाने मानला नाही. खोट्या सहीचा धनादेश हा हुकूमच नव्हे, तेव्हा नुकसान बँकेचे.

पण या मांडणीत दोनच खाने आहेत : हुकूम होता, किंवा नव्हता. भुलवून, धमकावून, 'तुमच्या मुलाला पकडले आहे' असे सांगून काढून घेतलेला हुकूम कुठल्या खान्यात घालायचा? बँका तो पहिल्या खान्यात घालतात आणि हात झटकतात.

ग्राहक कायदा आला तो अशा वेळी उपयोगी पडावा म्हणूनच. त्या कायद्याच्या घडणीत मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले ते १९७४ मध्ये, मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली १९७५ मध्ये, आणि संसदेचा कायदा आला १९८६ मध्ये. त्या कायद्याने सेवेच्या व्याख्येत बँकिंगचे नाव स्पष्ट लिहिले. २०१९ च्या कायद्यातही ते आहे. करारात काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता सेवा जशी असायला हवी तशी होती का, हे विचारण्याचा अधिकार त्याने सामान्य माणसाला दिला. बचत खात्याला बँक शुल्क घेत नाही, मग मोबदला कुठे आहे, असा युक्तिवाद कधी कधी ऐकू येतो. माझ्या मते तो टिकण्यासारखा नाही. ठेवीदाराचा पैसा बँक वापरते, त्यावर कमावते, हाच मोबदला.

यानंतरचे मोठे पाऊल रिझर्व्ह बँकेने टाकले. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर शून्य बोजा. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा वेळी त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर तेव्हाही शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंतच झळ. तक्रार आल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची, ९० दिवसांत निकाल लावायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे, ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर. हिशेबाची वही ज्याच्या हाती, पुराव्याचा भार त्याच्या माथी, हे इतक्या स्वच्छ शब्दांत मान्य होणे ही मोठी गोष्ट होती. सहकारी बँकांना हाच नियम त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लागू झाला.

या परिपत्रकाला दात आहेत हे मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये दाखवून दिले. एका आयुर्वेदिक औषध कंपनीच्या बँक ऑफ बडोदातल्या खात्यातून २०२२ मध्ये सुमारे ७७ लाख रुपये गेले होते. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाने तक्रार फेटाळली होती. उच्च न्यायालयाने कंपनीची चूक दिसत नाही म्हणून बँकेला सारी रक्कम सहा टक्के व्याजाने परत करायला सांगितली. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसाममधल्या एका ग्राहकाच्या ९४ हजार रुपयांच्या प्रकरणात स्टेट बँकेची जबाबदारी कायम केली. आजच्या तंत्राने अशा फसवणुकी ओळखणे आणि रोखणे हे बँकेचे काम आहे, असा त्या निर्णयाचा रोख आहे.

मात्र 'ओटीपी मीच सांगितला' म्हणणाऱ्या माणसापाशी येऊन हे परिपत्रक थांबते. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचे, असे त्यात लिहिले आहे. सारे. त्यात वाटणी नाही, प्रमाण नाही. सत्तर वर्षांच्या शिक्षिकेला तीन तास फोनवर धरून ठेवून लुटले काय, आणि कुणी पिन भिंतीवर लिहून ठेवला काय, दोघांना एकच माप. ज्या बँकेत चोराचे खाते आहे, तिच्याबद्दल नुकसानीच्या या हिशेबात चकार शब्द नाही.

हे असेच असायला हवे का? महाराष्ट्रात याचे उत्तर एकदा मिळालेले आहे, आणि ते आपण विसरलो याचे मला फार वाईट वाटते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४६ व्या कलमाखाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांना अशा दाव्यांचा निवाडा करण्याचा अधिकार असतो. राजेश अग्रवाल हे त्या पदावर असताना, २०१३ मध्ये, पुण्यातल्या एका उद्योजकाचे प्रकरण त्यांच्यापुढे आले. फसव्या ई-मेलला त्याने उत्तर दिले होते आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या त्याच्या खात्यातून सुमारे ८० लाख रुपये गेले होते. आजच्या रिवाजाप्रमाणे त्याला एक पैसाही मिळाला नसता. निवाडा वेगळा झाला. ई-मेलला उत्तर देण्याची चूक तक्रारदाराची, म्हणून नुकसानीचा काही भाग त्याने सोसावा. पण ठगांनी पैसे वळवण्यासाठी उघडलेल्या खात्यांची तपासणी नीट झाली नाही हा दोष बँकेचा, म्हणून तिने ४५ लाख रुपये द्यावेत. चूक दोघांची असू शकते, आणि दोघांनी आपापल्या चुकीपुरते भरावे, हा साधा न्याय त्यात आहे. शहाजोग हुंडीच्या बाजाराला तो निवाडा लगेच समजला असता.

ब्रिटनने तर आता यालाच नियम केला आहे. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे, फसवून पैसे पाठवायला लावलेल्या ग्राहकाला ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई देणे बँकांवर बंधनकारक आहे, आणि तो भार पैसे पाठवणारी बँक आणि पैसे स्वीकारणारी बँक यांनी निम्मा निम्मा उचलायचा आहे. घोर निष्काळजीपणा असेल तर भरपाई नाकारता येते. वृद्ध, आजारी, असहाय ग्राहकांच्या बाबतीत तीही सबब चालत नाही. यातला 'निम्मा निम्मा' हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. खाती उघडून आकडे वाढवणाऱ्या बँकेला चोराच्या खात्याची किंमत स्वतःच्या खिशातून मोजावी लागली, तर ती खाते उघडताना दोनदा विचार करील. आज ती किंमत नाशिकचा यात्रेकरू मोजतो, आणि त्याच्या हातात खाते उघडू देणे वा न देणे यातले काहीच नाही.

याला विरोधही आहे, आणि त्यातले काही मुद्दे वजनदार आहेत. फसलेला माणूस चोराच्या बँकेचा ग्राहकच नाही, त्यांच्यात करार नाही, मग ग्राहक आयोगात तिच्याविरुद्ध तक्रार कशी चालेल? माझे उत्तर असे की २०१९ च्या कायद्यातली ग्राहकाची व्याख्या सेवेच्या लाभार्थ्यालाही सामावते, आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्यात क्षणात पैसे पोहोचवणे ही एकट्या बँकेची सेवा नाहीच. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले तेव्हापासून सगळ्या बँका मिळून ती पुरवतात. पैसे पोहोचवताना त्या एक असतात आणि जबाबदारीची वेळ आली की वेगळ्या होतात, हे आयोगांनी चालू देऊ नये. इथे कायद्याचा अर्थ थोडा ताणावा लागतो हे मी मान्य करतो. संसदेने एका ओळीची दुरुस्ती केली तर ताणण्याची गरजच राहणार नाही.

दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे. मार्च २०२३ मध्ये सिटी युनियन बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ग्राहक आयोगांपुढचे काम संक्षिप्त स्वरूपाचे असते. जिथे वस्तुस्थितीच फार वादग्रस्त आहे, फसवणुकीसारखे गुन्हे सिद्ध करायचे आहेत, अशा तक्रारी तिथे चालू शकत नाहीत. बँकांचे वकील हा निर्णय आता हमखास पुढे करतात. पण चोराच्या बँकेची चूक शोधायला चोराचा गुन्हा सिद्ध करावा लागतच नाही. लागते ती एक फाइल : खाते उघडण्याचा अर्ज, ओळखीची कागदपत्रे, पत्त्याची पडताळणी आणि खात्याचा उतारा. महिना दहा हजार उत्पन्न सांगितलेल्या खात्यात दुपारी आठ लाख आले आणि अर्ध्या तासात पाच ठिकाणी निघून गेले, हे उताऱ्यावर दिसते. रिझर्व्ह बँकेचे केवायसी निर्देश अशा हालचालींवर लक्ष ठेवायला सांगतात. ते ठेवले की नाही, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो कागद वाचून सुटतो. २०१९ च्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणे हीसुद्धा सेवेतली त्रुटीच आहे.

लोक बेफिकीर होतील, भरपाई मिळणार म्हणून कुणालाही पिन सांगत सुटतील, असे म्हणणाऱ्यांनी एखाद्या फसलेल्या घरात तासभर बसून पाहावे. तरीही वाटणीचे तत्त्व या शंकेला पुरेसे उत्तर देते. ग्राहकाच्या चुकीचा भाग त्याच्याकडेच राहतो.

मला स्वतःला जी शंका खरोखर छळते, ती गरिबांच्या खात्यांची. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना आली आणि ज्यांना बँकेच्या दारात उभे करत नसत त्यांची खाती उघडली. चोरांना भाड्याने दिली जाणारी खाती पुष्कळदा अशाच माणसांची असतात. दोन-पाच हजारांसाठी एटीएम कार्ड आणि सिम कार्ड दलालाच्या हाती देणारा मजूर, शिकायला शहरात आलेला मुलगा. बँकांवर बोजा टाकला तर त्या गरिबालाच खाते नाकारतील, ही भीती खोटी नाही. म्हणून जबाबदारीचा भर खाते उघडण्यापेक्षा खाते चालते कसे यावर हवा. कुणालाही खाते मिळावे, पण ज्या खात्याची चाल अचानक बदलते ते खाते बँकेला दिसलेच पाहिजे. दिसण्याची साधने आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्राने अशी भाड्याची खाती हुडकण्यासाठी 'म्यूलहंटर' नावाची प्रणाली तयार केली, तिची घोषणा डिसेंबर २०२४ मध्ये झाली. डिसेंबर २०२५ मध्ये डिजिटल अटकेच्या, म्हणजे पोलीस असल्याचे भासवून फोनवर धाक घालून लुटण्याच्या, गुन्ह्यांचा तपास सीबीआयकडे सोपवताना सर्वोच्च न्यायालयाने अशी खाती उघडण्यात बँक कर्मचाऱ्यांचा हात आहे का, हेही तपासायला मोकळीक दिली. गुन्ह्याच्या तपासात जो प्रश्न विचारला जातो आहे, तो भरपाईच्या दाव्यात विचारायला काय अडचण आहे?

ग्राहक आयोगांनी बँकांचे धोरण ठरवू नये, हे मला मान्य आहे. क्रेडिट कार्डाच्या व्याजाचा धडा ताजा आहे. ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा, असे राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये ठरवले. सोळा वर्षांनी, २० डिसेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले, व्याजदर हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत म्हणून. पण इथे मागणी उलट आहे. रिझर्व्ह बँकेनेच घालून दिलेले नियम पाळले गेले का, एवढेच आयोगाने पाहायचे. नियामकाचा नियम मोडला गेल्याने ज्याचे नुकसान झाले, त्याला नियामकाच्या दंडातून काही मिळत नाही.

जाता जाता आणखी एक दुखणे सांगतो, कारण उज्जैनला ते विशेष लागू आहे. भेरूगडचे छापील कापड प्रसिद्ध आहे. ते छापणारा कारागीर घरच्यांना घेऊन राबतो आणि चालू खाते त्या धंद्याच्या नावाने असते. त्या खात्यातून पैसे गेले तर तो ग्राहक आहे का? व्यापारी हेतूने सेवा घेणाऱ्याला कायदा ग्राहक मानत नाही. २००२ च्या दुरुस्तीत स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्यांना जी सूट होती, तीत वस्तूंबरोबर सेवांचाही उल्लेख होता. २०१९ च्या कायद्याच्या स्पष्टीकरणात फक्त वस्तू उरल्या. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका शेअर दलालाला बँकेचा ग्राहक मानले नाही. दलालाच्या मोठ्या ओव्हरड्राफ्टच्या बाबतीत ते ठीक असेल. पण कापड छापणारा कारागीर, मंदिराबाहेर हारफुले विकणारी बाई, क्यूआर कोड लावून चहा विकणारा, यांना त्याच दारातून बाहेर काढणे अन्याय आहे. गळलेला तो शब्द परत आणायला हवा.

कायदा बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. फसवणूक झाल्याबरोबर १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे. पहिल्या तासात पैसे वाटेत अडण्याची शक्यता असते. भरपाईसाठी उज्जैनच्या आयोगात खेटे घालावे लागत नाहीत, कारण २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागण्याची सोय केली आहे, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. तक्रार लिहिताना मात्र आपल्या बँकेच्या नावाखाली दुसरे नाव लिहावे : पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेचे. आणि पहिल्याच तारखेला अर्ज द्यावा की ते खाते उघडल्यापासूनची सारी कागदपत्रे आणि व्यवहाराच्या दिवसाचा उतारा त्या बँकेने आयोगापुढे ठेवावा. कागदपत्रे हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयोगाला आहेत. नाशिकच्या, जळगावच्या, उज्जैनच्या आयोगांनी हे अर्ज मंजूर करायला सुरुवात केली, तर २०२८ च्या सिंहस्थाआधी बँकांना आपली खाती चाळून पाहावी लागतील.